डावी कात्री

ओझरच्या विमानतळावर गर्दी नसते.
सकाळचं एक विमान, मग दुपारपर्यंत
पट्टा नुसताच घरघरतो
आणि मी पडद्यासमोर बसून राहते.

बाबा पलीकडच्या कारखान्यात विमानं जोडायचे.
मी लोकांच्या पिशव्या सोडते.
घरात हसतात, म्हणतात, धंदा एकच, टोकं दोन.

पडद्यावर काही झाकून राहत नाही.
रामकुंडावरून आणलेला, डाख देऊन बंद केलेला तांब्या:
"ताई, हे पाणी नाही हो, गंगा आहे."
शंभर मिलीच्या वर गंगासुद्धा पाणीच, मी सांगते,
आणि त्या बाईंच्या तोंडाकडे बघायचं टाळते.
लोणच्याची बरणी. लायटर तीन, एकाच माणसाचे.
सुक्या खोबऱ्याच्या वाट्या: तेल असतं त्यात, पेट घेतं,
हे म्हणताना माझं मलाच पटत नाही.

नोव्हेंबरात एकदा कात्री दिसली.
पडद्यावर निळी, स्प्रिंग आवळलेली,
गोम अंग चोरून झोपावी तशी.

सोनिराम भोये. सुरगाण्याकडचे. पन्नाशीचे असतील.
पहिलंच विमान. बोर्डिंग पास
काठोकाठ भरलेली वाटी धरावी तसा धरलेला.
बंगळुरूकडच्या कुठल्याशा द्राक्षबागेत
पोरांना छाटणी शिकवायला बोलावलं होतं.

पातं मोजलं. साडेसहा सेंटिमीटर.
सहापर्यंत चालतं.
"मोठ्या सामानात का नाही टाकली?"
"मोठं सामान कुठलं? चार दिवस तर जायचं."
"तिकडे मिळेल की दुसरी."
"मिळेल. उजवी मिळेल."
आणि रिकामा डावा हात
माझ्यासमोर उघडमीट करून दाखवला.

वणीच्या लोहाराने पातं उलटं बसवून दिलेलं,
तेरा वर्षांपूर्वी.
"उजव्या कात्रीनं मी कापलं की डोळा दुखावतो."
"तुमचा?"
"काडीचा, बाई. काडीचा डोळा."

नियमात तीन वाटा:
सामानात द्या, बाहेर कुणाकडे द्या,
नाहीतर ही पेटी.
पेटीतलं महिनाअखेरीस मोजतात,
पुढे कुठे जातं
ते माझ्या सहीच्या पलीकडचं.
सामानाची खिडकी बंद झाली होती.
सोडायला आलेली जीप केव्हाच वळली होती.
पेटीकडे त्यांनी एकदाच पाहिलं,
विहिरीत डोकावतात तसं.
"किती वेळ आहे?"
"अठरा मिनिटं."

मग नावाचा पुकारा झाला, तोही चुकीचा,
सोनीराम बोए, सोनीराम बोए,
आणि मला उगाचच घाम.

आले. धापा टाकत. चपलांना काळी माती.
"कुठे ठेवली?"
"रस्त्यापलीकडच्या बागेत. तिसरी ओळ,
खांबापासून पाचवं झाड. तारेला अडकवली."
"ओळखीची बाग आहे?"
"मालक नाही ओळखीचा. झाडं आहेत.
ऑक्टोबरात मीच छाटली."

अंगझडतीत खिशात सुतळीचा एक गुंडा सापडला.
सुतळी चालते.

ड्यूटी संपल्यावर मी तिकडे गेले.
का गेले, विचारू नका. बस चुकली म्हणा.
तिसरी ओळ. पाचवं झाड. होती.
मुठीला सुतळी, घामाने काळी पडलेली,
अंगठ्याच्या जागी खोलगट.
मी उजवा हात घालून बघितला. बसला नाही.
दिवसभर लोकांचं काढून घेणारा हात,
त्याने ती परत तारेला लावली,
पानांआड थोडी आत सरकवून.
वहीत याची नोंद नाही.

शुक्रवारी बंगळुरूचं विमान आलं.
येणाऱ्यांना आम्ही तपासत नाही,
ते सरळ बाहेर पडतात.

सोमवारी गेले तर तार रिकामी.
खाली दोन बगलफुटी पडल्या होत्या, सुकायला लागलेल्या,
काप डावीकडून.