पेन्सिलीची जाडी

टोपोशीटवर तो एक तुटक निळी रेघ आहे.
नाव नाही.
कोंढाळीच्या अलीकडे डांबरी सुटते, पांदण लागते,
आणि मग ज्याला त्याला विचारावं लागतं.

खाली मोहाच्या झाडापाशी त्याला धोबीघाट म्हणतात
(धोबी कुणालाच आठवत नाही),
जरा वर तो शिंदीचा लवण,
आणखी वर, संत्र्याच्या बागेला वळसा घालतो तिथं
नुसता ठवकरांचा नाला,
कारण दोन्ही थडींची वावरं ठवकरांची
आणि नऊशे फुटांची बोअरही त्यांचीच.
तिथं पौषातच गाळ भेगाळलेला.
उरल्यासुरल्या डबक्यात सात-आठ मुऱ्या
तोंडं चढाकडे करून थांबलेल्या,
जसं काही पाणी अजून वरून येतंय.

लेव्हल माझ्या खांद्यावर. पट्टी धरायला अंकुश पेंदाम.
एका हातानं पट्टी, एका हातानं बोरं.
त्या बोरांपायी माझे दोन आकडे चुकले,
आम्ही पुन्हा खाली उतरलो, पुन्हा चढलो.

काळी माती संपली, मुरूम लागला.
रुई, टेंभुर्णी, तरोट्याच्या वाजणाऱ्या शेंगा.
पाणी संपलं, ओल संपली, ओलीचा वास संपला,
राहिला तो उतार.
त्यालाच नाला म्हणायचं, हे कळायला
मला नोकरीची पंधरा वर्षं लागली.

उगमाशी निदान शेंदूर फासलेला एखादा दगड असेल, वाटलं होतं.
बंडीच्या दोन चाकोऱ्या होत्या.
डावी जरा जास्त खोल.

चाकोऱ्या गेल्या बुधाबाई कुमरेच्या दारात.
पाणलोटाची सीमा, लेव्हल म्हणते,
तिच्या घराच्या आढ्यावरून जाते.
पुढच्या कवेलूंवरचं पाणी या नाल्याला, जामला, वर्धेला.
मागच्या कवेलूंवरचं कोलारला, कन्हानला, वैनगंगेला.
हे मी तिला हातवारे करून सांगितलं.
शेळीच्या पिलाच्या तोंडातून माझी फीत सोडवत ती म्हणाली,
"मांगं न्हानी हाय न बाई. तिकडलं पानी साबनाचं रायते."

म्हटलं, खूप खाली, प्राणहितेत, दोन्ही पाणी एकच होतं.
"किती दिवस लागते?"

मला माहीत नव्हतं.
हेक्टर विचारतात, बंधाऱ्याची जागा विचारतात,
अंदाजपत्रक तर चालता चालता विचारतात.
दिवस कुणी विचारले नव्हते.

"माह्यी पोरगी आरमोरीले देली," ती म्हणाली,
"तिकडून जाते का मांगचं?"
जातं, म्हटलं. आरमोरीजवळूनच जाते वैनगंगा.
ती थोडा वेळ न्हाणीकडे बघत राहिली,
मग खुदकन हसली:
"म्हंजे माह्यं साबनाचं पानी पोरीच्या घरी! सांगू नोका तिले."

संध्याकाळी ओट्यावर बसून सीमा आखली.
पन्नास हजाराला एक या मापात
अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिल
जमिनीवर पंचवीस मीटर रुंद होते.
आढं, दोन्ही पाखी, न्हाणी, शेळ्यांचा कूड,
दारातली वांग्याची चार झाडं
सगळं त्या रेघेखाली गेलं.
खोडून बारीक टोकानं पुन्हा आखलं. पुन्हा गेलं.

अंकुश झोपला होता. माझा चहा संपला होता.
बुधाबाईनं कप विसळला, पाणी कपातच ठेवलं,
आणि उंबऱ्यात उभी राहिली,
एकदा इकडे बघत, एकदा तिकडे.