उणे एकशे चाळीस

सावद्याच्या पिकवण केंद्रात
मी बावीस वर्षं थंडी सांभाळतो.
सोळा अंश. साडेसोळा झालं की मालकाचा फोन,
बाराच्या खाली गेलं तर साल काळी पडते
आणि व्यापारी केळीऐवजी मला सोलतो.

बाहेर सत्तेचाळीस.
रावेर रोडवर डांबराला चपला चिकटतात,
बायको खिडकीला ओलं गोणपाट लावते,
आणि यामिनी,
जिचं नाव आजोबांनी रात्रीवरून ठेवलं,
नॉर्वेच्या एका बेटावर
रात्र नसलेल्या महिन्यात
काचेला चांदीचा कागद चिकटवून झोपते.

तिथले बारा म्हणजे इथले साडेतीन,
ट्रक भरायची वेळ.
फोन खांद्यात धरून मी क्रेट मोजतो.
"पप्पा, सगळ्यात गार हवा कुठं असते, सांगा.
इथं, माझ्या डोक्यावर, पंच्याऐंशी किलोमीटर.
उणे एकशे चाळीस. आणि तेही ऐन उन्हाळ्यात!
हिवाळ्यात तिथं उलट ऊब असते."
उणे चाळीस ऐकलंय बाई, मासळीच्या फ्रीजरचं.
मागचे शंभर नीट तपासलेस का?

ती हसली. म्हणाली,
हवा वर चढते, वर दाब नाही,
मग ती फुगते, आणि फुगता फुगता...
गार पडते, मी म्हणालो.
हे मला कुणी शिकवायला नको.
बारीक नळीतून गॅस सुटला
की नळीवर पांढरं धरतं.
नऊ वर्षांची यामिनी त्यावर नखानं नाव कोरायची,
मी ओरडायचो, बोट चिकटेल.

तर तिथं, म्हणे, जळालेल्या उल्कांचा धूर तरंगतो,
त्याच्या कणाकणाला बर्फ धरतो,
त्याचेच ते निळसर ढग.
फुगा तिथवर पोचत नाही,
उपग्रह तितका खाली उतरत नाही.
म्हणून रॉकेट. जाऊन येऊन दहा मिनिटं,
त्यातलं कामाचं अर्धं.
अर्ध्या मिनिटासाठी तीन वर्षं?
विचारलं नाही.
मीही एका गळक्या वॉल्व्हपायी अख्खा श्रावण घालवलाय.

अकरा दिवस थांबले.
आधी वारा, मग समुद्रात कुणाची तरी बोट,
मग ढगच नाहीत.
बाराव्या दिवशी उडालं.
साडेतीनला फोन नाही. चारला नाही.
पावणेपाचला आला, आधी नुसता श्वास.
"टोपी उघडली नाही, पप्पा."
रॉकेट गेलं अगदी सरळ,
त्या थंडीतून आरपार,
डोळे मिटून.

माझ्या हातात पाना तसाच.
आणून, खोलून बघता येणार नाही?
"समुद्रात आहे. हजार मीटर खाली."
मग बराच वेळ
तिच्याकडून वारा, माझ्याकडून कॉम्प्रेसर.

शेवटी विचारलं, जे बंद मशीनपुढं सगळ्यांना विचारतो:
दुसरं आहे का?
"आहे. एकच."
मग आधी खाऊन घे. कळण्याचं पीठ संपलं का?
आणि त्या टोपीचे स्क्रू आवळतील तेव्हा
तू तिथंच उभी राहा.

बाहेर आलो. पहाटेचे पाच,
भिंत अजून तव्यासारखी.
वर पाहिलं. सातपुड्याच्या अंगाला पिवळट धुरळा,
दुसरं काही नाही,
म्हणजे मला दिसण्यासारखं नाही.

आत तीन नंबरचा चेंबर
साडेसोळाला टेकला होता.