मधल्या फ्रेम

रहाडीत धप्पा मारणारा पोरगा
माझ्या स्क्रीनवर पहिल्यांदा उडी मारतो,
तर लिफ्टसारखा खाली जातो.
ताठ, एकाच वेगाने.
रंगाचा थेंबही उडत नाही.

इंजिनातली मोठी ॲनिमेशन यंत्रणा
मी कालच काढून टाकली.
एका उडीसाठी चौसष्ट हाडांचा सांगाडा,
अवस्थांच्या खोल्या, खोल्यांना दारं, दारांना अटी,
आणि शालिमारला सेकंडहॅण्ड घेतलेला चाचणीचा फोन
तव्यासारखा तापायचा.

आता ही एक छोटी लायब्ररी, अकरा किलोबाइटची.
कुणी लिहिली, माहीत नाही.
कुठून, कुठे, किती वेळात,
एवढं तिला सांगायचं.
मधलं ती भरते.
आणि ‘कसं’ तेही सांगितलं तर ऐकते.

मी ‘कसं’ सांगितलंच नव्हतं.

पप्पा मागे येऊन कधी उभे राहिले कळलं नाही.
सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत
कुणाच्याही मागे कुणीतरी असतंच.
एकोणतीस वर्षं शहर बस चालवली त्यांनी,
नाशिकरोड ते निमाणी, निमाणी ते नाशिकरोड.
म्हणाले, “हा पडत नाहीये गं.
याला कुणीतरी खाली ठेवतंय.”
मग जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं,
“द्वारका आली म्हणून मी ब्रेक नाही मारायचो.
काठे गल्लीपासूनच सोडत आणायचो गाडी.
उभ्या बाईच्या डब्यातलं वरण हललं नाही पाहिजे.
थांबा यायच्या आधीच
थांबणं सुरू होतं.”

याला ईझ-आउट म्हणतात, मी सांगितलं.
“म्हणत असतील,” पप्पा म्हणाले.

रात्री दीडपर्यंत तेच.
उडीआधी गुडघ्यात जरासं वाकणं.
वर जाताना मंदावत जाणं,
टोकावर एक श्वास
(पोरगा तिथे काय बघत असेल?
चौकातल्या गच्च्या, पिचकाऱ्या,
खाली उकळून गार झालेला फुलांचा रंग),
मग सगळा वेग एकदम.
पाण्यात हवं त्यापेक्षा थोडं जास्त खोल,
आणि तिथून परत वर, नाक धरून.
पाच ओळी. फोन गार.

दुसऱ्या दिवशी चाचणीला बसलेल्या स्वानंद खैरनारने
उडी अर्धी असतानाच ‘बाहेर’ दाबलं.
चौक गेला, रहाड गेली, पोरगा गेला.
ट्वीन मात्र चालूच.
जो नाही त्याला
ती इमानेइतबारे खाली आणत राहिली,
आणि कन्सोलवर लाल ओळींवर लाल ओळी.
“निघताना बंद करायची राहिली तुझी,” स्वानंद म्हणाला.
खरं होतं. एका ओळीचं काम.

संध्याकाळी पप्पांना रिक्षात मागे बसवून
डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते.
मायको सर्कलच्या अलीकडे, सिग्नल अजून दिसायचा होता,
त्यांचा उजवा पाय
रिक्षाच्या पत्र्यावर हळूहळू दाबला जाऊ लागला.
रिटायर होऊन अडीच वर्षं झाली.
रिक्षावाल्याने आयत्या वेळी कचकन थांबवली.
पप्पांचा पाय तोवर थांबून मोकळा झाला होता.

त्यांनी पाहिलं मी पाहतेय ते.
काही बोलले नाहीत. मीही नाही.
पण मनातल्या मनात मी मोजले होते:
सव्वादोन सेकंद आधी.

घरी येऊन दुरुस्तीची ती ओळ लिहिली,
पोरग्याबरोबर त्याची ट्वीनही संपते आता.
सव्वादोन हा आकडा कुठे वापरायचा
ते अजून ठरलेलं नाही.

परवा संदर्भासाठी फोटो काढायला जुन्या गावात गेले.
रंगपंचमीला चार महिने आहेत.
रहाड फळ्यांखाली, फळ्या मातीखाली,
आणि वर कुणाची तरी ॲक्टिव्हा,
साइड स्टॅण्डवर, किंचित कललेली.