पाठ

तोर्निकेचा चेहरा मला नीट आठवत नाही.
मी गोलकीपर. सहा हंगाम
मला दिसली ती त्याची पाठ,
चार नंबरचा शर्ट, उजवीकडे किंचित झुकलेला खांदा
आणि दर पाच-सहा सेकंदांनी
मागे वळणारा डावा अर्धा गाल :
मी कुठे, माणूस कुठे, मोकळी जागा कुठे,
एका नजरेत तिन्ही.

ही सवय जन्माची नव्हे.
आला तेव्हा सतरा वर्षांचा,
झुगदिदीकडच्या हेझलनटच्या बागांत वाढलेला,
बॉल दिसला की अंग झोकून द्यायचा.
चिखलातून घसरत जायचा पार रेषेबाहेर,
लोक टाळ्या वाजवायचे.
बाद्री मास्तर वाजवायचे नाहीत.
म्हणायचे, "जो आडवा पडला
तो उठेपर्यंत आपण दहाच."

पोतीच्या बंदरामागचं मैदान. बारा महिने ओल.
गोलच्या जाळीत बेडूक,
क्रेनची करकर, काळ्या समुद्राचा वारा
आणि मास्तरांची दोरी,
चौघांच्या कमरेला एकच, मध्ये आठ-आठ पावलं.
एक सरला की चौघांनी सरायचं,
एक चुकला की चौघं तोंडावर.
महिनाभर बॉल काढलाच नाही पेटीतून.
मी एकटा गोलमध्ये उभा, रिकाम्या हातांनी,
दोरीचा ताण बघत.

मग वाळूची पोती खांद्यावर घेऊन उलटं धावणं,
तुतीच्या फांदीला टांगलेला बॉल, कपाळ लाल होईपर्यंत,
आणि मग मास्तर स्वतःच स्ट्रायकर,
एकसष्टाव्या वर्षी, एक गुडघा निकामी,
तरी चकवायचे त्याला, पुन्हा पुन्हा.
"पायांकडे काय बघतोस? पाय खोटं बोलतात.
डोळे तर सराईत.
कंबर बघ, पोरा. कंबरेला थाप मारता येत नाही."

एका मॅचमध्ये शॉट येताना त्याने अंग चोरलं.
पाठ फिरवली.
बॉल त्याच पाठीला लागून माझ्या जाळीत.
मास्तर ओरडले नाहीत.
दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला
त्याला पेनल्टीच्या ठिपक्यापाशी उभं केलं,
हात मागे बांधून, तोंड माझ्याकडे,
आणि मला म्हणाले, मार.
मी मारले. छातीवर, मांडीवर, एक नाकावर.
कितव्यांदा कोण जाणे, पण त्याने डोळे मिटायचं सोडलं.
समोरून त्याला पाहिला तो एवढाच,
आणि त्यातलंही लक्षात राहिलंय ते
माझ्याच पायाचं थरथरणं.

कुताइसीविरुद्ध आम्ही एक-शून्यने जिंकलो.
पेपरात फोटो जाबाचा, गोल त्याचा.
मास्तरांच्या वहीत एक ओळ :
"एकाहत्तरावं मिनिट. तोर्निके, दोन पावलं डावीकडे."
त्या दोन पावलांमुळे
त्यांच्या दहा नंबरने पास दिलाच नाही,
पाय उचलला आणि परत खाली ठेवला.
न दिलेल्या पासचा फोटो कोण काढणार?
मी हातमोजे कोरडे घेऊन घरी गेलो.
बायको म्हणाली, आज बसवलं होतं का रे तुला?

आता तो पोलंडात, मोठ्या क्लबात.
मास्तरांचा दुसरा गुडघाही गेला,
खुर्ची टाकून बसतात रेषेवर, दोरी मांडीवर गुंडाळलेली.
काल बंदरावरच्या खानावळीत टीव्ही लागला होता.
खेळाडू रांगेत उभे, कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकत गेला.
मी शोधत राहिलो. एक दाढीवाला, एक टकला,
रांग संपली, तो सापडला नाही.
मग खेळ सुरू झाला, कॅमेरा मागून,
एक खांदा उजवीकडे किंचित झुकलेला
आणि वळला तो डावा अर्धा गाल.

टेबलाखाली माझा पाय
एक पाऊल पुढे सरकला होता.