हातचा एक

मेंढ्या कोंडवाड्यात गेल्या की ते येतात.
घोंगड्यांना धुराचा वास, गमबुटांत बर्फ.
काठ्या दाराशी एकमेकींना टेकवून ठेवतात,
जणू आधी त्याच वर्गात बसणार.

मोखोत्लाँगच्याही वर, जिथे रस्ता कंटाळून थांबतो,
तिथली ही आमची रात्रशाळा.
मेणबत्त्या सहा.
त्या लिनेओ पाठवते, मोथोबीची बहीण,
मसेरूच्या कारखान्यात जीन्सचे डावे खिसे शिवणारी.
नुसते डावे. उजवे पलीकडची बाई शिवते.
ती सातवीपर्यंत शिकली, हा एक दिवसही नाही.
घरात फी एकाचीच होती
आणि काठी मुलाच्याच मापाची.

आज मागे पोत्यावर कचेरीतला माणूस बसलाय,
मांडीवर तक्ता.
दर मेणबत्तीमागे काय साधलं,
ते त्याला एका रकान्यात मावेल असं हवंय.

अठ्ठावीस आणि सतरा.
आठ नि सात पंधरा. पाच खाली लिही, हातचा एक.
सतरा वर्षांचा मोथोबी खरंच मूठ मिटतो
आणि बोर्ड पुसून झाला तरी उघडत नाही,
सांडेल म्हणून.

याला दोनशे अकरा मेंढ्या नावानिशी ठाऊक.
कुठली लंगडते, कुठली आईवर गेली.
आकड्यांची गरज मालकाला असायची.

मग तो आपणहून उठला.
"वर्षाला बारा मेंढ्या ठरल्या होत्या. तीन वर्षं झाली.
माझ्या खुणेच्या एकोणतीस आहेत."
छत्तीस लिहिले. खाली एकोणतीस.
सहातून नऊ जाईनात.
शेजारच्या तीनाकडून एक दशक उसना घेतला,
उसना मागायची सवय होतीच घरात.

सात.

कोणी बोललं नाही. मेणबत्ती तेवढी तडतडली.
त्या सात कोल्ह्याने नेल्या, असं मालक सांगायचा,
आणि हा तीन हिवाळे
झोप लागली म्हणून स्वतःला शिव्या देत आला.

माणसाने तक्त्यात सात लिहिलं.
"सात काय?" त्याने विचारलं. "एकक सांगा."
मला सांगता येईना.

दिवे विझवून सगळे गेले. मोथोबी दारात थांबला.
उद्या मालकाकडे जाणार आहे.
"बाई, काठी नेऊ की वही?"
वही, मी म्हटलं.
मग बाहेर बघितलं, चांदण्यात अख्खा डोंगर पांढरा,
आणि त्याच्या मागे धावत गेले.

दोन्ही ने.