चूड

साहेब लोक फ्लेअर म्हणतात. आम्ही चूड म्हणतो.
मी जन्मले त्या साली पेटली,
म्हणून कुणी माझं वय विचारलं की बाय
नागावच्या दिशेला बोट दाखवायची.

अंधार मला पुस्तकातच भेटला.
आमच्या ओटीवर रात्री अकरालाही
तांबूस उजेड; त्यात मी पाढे म्हटले, सुकट निवडली.
माझ्या हळदीला मंडपवाल्यानं दिवे कमी लावले
आणि पैसे पुरते घेतले.
कोंबडे वाटेल तेव्हा आरवत.
त्यांचं कुणी मनावर घेत नसे.

त्याआधी इथं मिठागर होतं.
पौषात वारा पडला की कोंडीवर पापुद्रा धरायचा,
दुधावर साय धरावी तसा,
आणि बाबा तो फळीनं ओढायचे, आवाज न करता.
पायाच्या भेगांत मीठ मुक्कामाला.
संध्याकाळी शिलोत्र्याचा मुकादम
राशीवर लाकडी ठापा उठवून जायचा,
मूठभर कुणी उचललं तरी अक्षर मोडावं म्हणून.

मग समुद्राच्या तळातून नळ आला.
करंजाच्या जाळ्यांखालून, होड्यांखालून,
येताना कुणालाच दिसला नाही.
दिसल्या त्या टाक्या : गोल, पांढऱ्या,
बाबांनी रचलेल्या कुठल्याही राशीहून उंच,
आणि त्यांच्यावर ठापा नाही.

नुकसानभरपाई हा शब्द बाबा अजून तीन तुकड्यांत म्हणतात.
त्यातून आत्याचं लग्न, घरावर कौलं,
एक टेपरेकॉर्डर, जो पावसात बुरसला.
आणि कंत्राटावर काम : आतलं गवत कापायचं.
आपल्याच कोंडीवर उगवलेलं.
बावीस वर्षं रोज सकाळी हसुराम घरत
गेटवर आगपेटी जमा करून आत गेले,
तालुक्यातल्या सगळ्यात मोठ्या जाळाखाली.

पडवीत भाडेकरू आला, आसामचा गोलाप सैकिया.
सांगायचा, आमच्याकडे रानात तेल लागतं, हत्ती येतात बघायला.
बायनं त्याला डब्यात जिताडा दिला,
त्यानं तिला आंबट कालवणात बांबूचा कोंब घालायला शिकवलं.
तो बदलून गेला. कोंब राहिला.

गेल्या पौषात, अवसेच्या आदल्या रात्री
चूड विझली.
शटडाऊन, दुरुस्ती, कागद आधीच लागला होता;
पण कागद कोण वाचतं.
आधी कुत्री गप्प झाली.
मग माझी नात रडायला लागली, भूक नाही, ताप नाही,
डोळे उघडले तरी मिटल्यासारखंच, म्हणून.
माणसं ओटीवर आली, हलक्या आवाजात बोलू लागली,
मयताच्या घरी बोलतात तशी.
द्रोणागिरीच्या वर इतक्या चांदण्या होत्या
की कमळीकाकू म्हणाली, "या कधी बसवल्या?"

बाबा खाटेवर नव्हते.

टॉर्च घेऊन मी मागे गेले.
दिवसा ज्यांना संडासाची पायरी दिसत नाही
ते ऐंशीचे बाबा काळोखात चालले होते, सरळ, झपझप,
मध्येच डावीकडे वळले, जिथे वळायला काही नव्हतं,
एकदा लंगडं पाऊल टाकलं,
खाली उघाडीची फळी असावी तसं.
"बाबा!"
"बांधावरनं ये," ते म्हणाले, "खाली चिखल हाय."

बांध कंपाउंडच्या भिंतीला लागून संपला.
बाबांनी तळहात टेकला.
भिंतीला लोणा धरलेला, कंबरेपर्यंत,
पांढरा, टॉर्चमध्ये चमकणारा.
त्यांनी नखानं खरवडलं, जिभेवर ठेवलं,
मुकादमासारखे क्षणभर थांबले.

"कच्चं हाय," म्हणाले. "अजून दोन उन्हं पायजेत."

सव्वाचारला भपकन उजेड झाला.
बाबांना तिथंच काही दिसेनासं झालं.
हात धरून मी त्यांना घरी आणलं,
वाटेत दोनदा ठेचकाळले.