काळा फोटो

तेरा कोटी वर्षांचं जंगल, असं शर्वाणीनं फोनवर सांगितलं
तेव्हा यांनी पहिल्यांदा पासपोर्टची चौकशी केली.
पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस;
बडोद्याबाहेर गेला तर डाकोरला,
तोही परतीची बस विचारून.

तर आम्ही मलेशियात गेलो.
लांबड्या होडीतून तीन तास, चहाच्या रंगाची नदी,
दोन्ही काठांना हिरवंच हिरवं.
आत शिरल्यावर मात्र हिरवं संपलं.
आत दिवसाही अंधार असतो.
ऊन वरची झाडंच आपसात वाटून घेतात,
खाली येते ती चिल्लर.

वाघ? नाही.
हत्ती? लीद दिसली, वाफाळती.
धनेशाचे नुसते पंख ऐकले,
भिजलेली सतरंजी झटकत कुणी झाडांवरून चाललंय जसं.
आडनाव घोरपडे, आणि साधी घोरपडसुद्धा नाही!
मी म्हटलं. हे हसले नाहीत.
जळवा तेवढ्या भेटल्या, अगदी प्रेमानं.
तीन आठवडे झाले, घोटा अजून खाजतो.

शेवटची रात्र मचाणावर.
लाकडी खोली, उंदीर,
समोर खारट चिखलाचा तुकडा.
तिथं टापिर येतो म्हणे, मीठ चाटायला.
पुढून काळा, पाठीमागं पांढरा,
धुताना मध्येच पाणी गेल्यासारखा.
मी आणि शर्वाणी झोपलो.
हे बसले.
पहाटे साडेतीनला उठून अख्ख्या वाडीचं पाणी सोडणारा माणूस,
त्याला कुणी रात्र शिकवायला नको.

सकाळी म्हणाले, आला होता.
फोटो दाखवला. काळा.
कोपऱ्यात बोटाचा लालसर डाग, बाकी काळा.
'इथं उभा होता. असा. मग मान वळवली.'

परतल्यावर दांडिया बाजारात, बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे,
हंसाबेनच्या झोपाळ्यावर
तोच फोटो.
लोक फोन जवळ नेत, उजेड वाढवत, तिरका करत,
मग माझ्याकडे बघत.
मी बशीत आणखी एक बर्फी ठेवी.
नलावडे तर तोंडावर म्हणाले, 'छे! काही नाही यात.'

मी सांगलीची.
नवी आले तेव्हा वाटायचं,
या गावात जो तो सगळंच नाकारतो.
दूध छे. पाणी छे. साहेब घरमां छे.
मी दारातून परत फिरायची.
'आहे' म्हणतात ते, हे कळायला
एक अख्खा उन्हाळा गेला.

गेल्या मंगळवारी विश्वामित्री फुगली
आणि रात्री साडेअकराला आमच्या पार्किंगमध्ये,
नलावड्यांच्याच स्कूटरमागं, मगर.
सहा फूट तरी. फरशीसारखी गप्प.
जिन्यावर अख्खी सोसायटी, तीस फोन, तीस फ्लॅश.
मगरीनं पापणी मिटली, उघडली.
रेस्क्यूवाला मेहुल आला, विशीतला, चिखलानं माखलेला.
'आघा रेजो, काकी.'
ओलं पोतं डोळ्यांवर, जबड्याला पट्टी,
आणि चौघांनी तिला टेम्पोत ठेवलं,
झोपलेलं मूल गाडीतून घरात नेतात तसं,
मान सांभाळत.

यांनी फोटो काढला नाही.
टेम्पोजवळ गेले, खिशातून फोन काढला,
आणि त्या दमलेल्या पोरापुढे धरला.
मला जिन्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेहुलनं हात पँटला पुसले.
उजेड वाढवला नाही, फोन तिरका केला नाही.
बघत राहिला.
मागं मगरीनं एकदा शेपूट आपटलं,
पत्रा वाजला.

'छे,' तो म्हणाला.

यांनी फोन खिशात ठेवला
आणि फाटकापाशी उभं राहून, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला,
टेम्पोला मागं घ्यायला हात दाखवू लागले:
येऊ दे. येऊ दे. अजून येऊ दे.